मामी शांत नव्हती

बागेत मामीचा आवाज चढला की लांबच्या बाकांवरची माणसंही उठून उभी राहत. अंगाने किरकोळ, उंची बेताची, पण भांडायला उभी राहिली की समोरचा मागे सरकायचा. नंदुरबारला तिच्या घरामागेच वनस्पती उद्यान आहे. लोक तिथे सकाळ-संध्याकाळ फिरतात. मामी मुद्दाम भर दुपारी छत्री घेऊन निघायची. "तवय झाडं एकलाच ऱ्हातस," म्हणायची. नोकरीसाठी मी खापर गावाहून आले, तिच्या शेजारच्या गल्लीत खोली घेतली, आणि सुटीच्या दुपारी तिच्याबरोबर जाऊ लागले.

चालताना ती खोडं हाताने चाचपायची. कुठे कोणाचं नाव कोरलेलं, कुठे शिकवणीच्या जाहिरातीचा खिळा. एकदा एक कॉलेजातला मुलगा बहाव्यावर बदाम कोरताना सापडला. मामीने त्याची कॉलरच धरली. "तुन्हा पाठवर कोरू का तिन्हं नाव? दुखी का नही, सांग!" तो पळाला तरी ती बोलतच होती. मी म्हटलं, "मामी, जाऊ दे ना." ती माझ्यावरच उलटली. "काबं जाऊ देऊ? झाडले तोंड नही. माले शे!"

तिचं माहेर रनाळ्याचं, शेतीवाडीचं. वडील गेल्यावर भावांनी तिच्याकडून हक्कसोडीवर सही घेतली, साडीचोळी केली. तिनेही आनंदाने केली सही. पुढच्या खेपेला माहेरी गेली तर विहिरीजवळचे दोन्ही आंबे गायब. भाऊ म्हणाला, प्लॉट पाडायचे आहेत, आता तुझा काय संबंध? हे तिने मला एका आंब्याखाली उभं राहून सांगितलं. "तवय मी चूप ऱ्हायनू. आते नही ऱ्हासू."

गेल्या वर्षीच्या फाल्गुनातली दुपार. ऊन तापायला लागलं होतं. सावरीची फुलं वाटेवर पडून त्यांना मुंग्या लागल्या होत्या. तळ्याकाठी एक जुना पळस होता. अंगावर पान नाही, नुसती फुलं, आणि त्यात मैनांचा गोंधळ. त्या दिवशी त्याच्याखाली दोन मजूर कटर घेऊन उभे होते. शेजारी ठेकेदाराचा मुकादम, आणि जमिनीवर आडवं पडलेलं एक लोखंडी झाड. त्याला गुलाबी प्लास्टिकची फुलं आणि दिव्यांच्या माळा.

"आठे काय करी ऱ्हायनात?" मामीने विचारलं.

"सेल्फी पॉइंट शे, आजी," मुकादम म्हणाला. "हाई झाड आड येस."

"मंग तुन्हं लोखंड दुसरीकडे लाव."

"नकाशामा आठेच शे."

मामीने छत्री उघडली आणि पळसाच्या बुंध्याला टेकून बसली. "चालाड तुन्हं मशीन!"

मुकादम आधी हसला, मग चिडला, मग फोन करत सुटला. मी तिच्याशेजारी बसले. मजुरांपैकी एकाने मुकाट्याने कटर खाली ठेवला. शेवटी मुकादमाने मामीच्या मुलाचा नंबर मिळवला.

दादा सरकारी कचेरीत आहे. घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलतो. आला तो आईला एक शब्द न विचारता मुकादमाची माफी मागू लागला. मग म्हणाला, "आई, ऊठ. माझ्या साहेबांपर्यंत गेलं आहे हे. तमाशा बंद कर."

"तमाशा मी करी ऱ्हायनू? झाड त्या पाडी ऱ्हायनात ना!"

त्याने तिला दंडाला धरून उठवलं. मी म्हटलं, "दादा, हात सोड तिचा." त्याने सोडला नाही. "तूच चढवलंस तिला," एवढंच मला म्हणाला. आम्ही फाटकाशी पोचलो नव्हतो तोच मागे कटर सुरू झाला. मामी थांबली. दादाने तिला ओढलं. आजही तो आवाज आठवला की माझ्या मुठी वळतात.

नंतर तिचं बागेत जाणं बंद झालं. रक्तदाब वाढतो, आईला राग येऊ द्यायचा नाही, असं दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मी गेले की ती एकच विचारी, "फुटना का पळस बुंधातून?" मी खोटं बोलले नाही. बुंध्यावर सिमेंट ओतलं होतं. तिने खाटेवर हात आपटला. "मंग आठे बठीस काबं? जाय, इचार तेस्ले!" मी बागेच्या कचेरीत गेले, विचारलं, ओरडलेही. उद्या या, म्हणाले. उद्याही तेच म्हणाले.

थंडीत ती गेली. सुतक संपवणाऱ्या गंधमुक्तीच्या दिवशी मंडपात माइक होता. दादा उभा राहिला आणि म्हणाला, "माझी आई अत्यंत शांत आणि सोशिक होती. आयुष्यात तिने कधी आवाज चढवला नाही." माना डोलल्या. एका पाहुण्याने डोळेही पुसले.

माझी कानशिलं तापली. जिवंतपणी तिचं तोंड दाबलं, आणि आता मेल्यावर तिला तोंड कधी नव्हतंच म्हणून सांगतात! मी बायकांमधून उठले.

"खोटं शे, दादा. मामी रागीट व्हती. आन तिले राग येवाले कारन व्हतं."

शेजारी बसलेल्या आत्याने माझा पदर ओढला. "बठ खाले. लोके दखी ऱ्हायनात."

"दखू दे," मी म्हटलं, आणि त्या दुपारी काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लागले.