कन्नड ते खुलताबाद, व्हाया मी

आमच्या घराण्यात भांडणं मिटवायचं खातं माझ्याकडे आहे. कुणी नेमलं, असं विचारू नका. मी वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. कामगार आणि साहेब लोक यांच्यातली बोलणी सांभाळणं, हे माझं काम. माझ्यामुळं किती संप होता होता राहिले म्हणून सांगू! (माझी बायको संगीता म्हणते, "तुमचं बोलणं ऐकण्यापेक्षा मशिनवर उभं राहिलेलं बरं, असं वाटत असेल त्यांना.")

तर झालं असं की, आमच्या लेकीचं, प्राजक्ताचं लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि माझ्या दोन्ही आत्यांनी कळवलं, "ती येणार असेल तर मी नाय येणार!"

थोरली शांताआत्या कन्नडला राहते, एकटी. धाकटी कमलआत्या खुलताबादला, मामांबरोबर, म्हणजे तिच्या नवऱ्याबरोबर. प्राजक्ताच्या साखरपुड्यात कमलआत्यानं येसर (आमच्याकडची झणझणीत आमटी) केलं होतं आणि शांताआत्या चार बायकांत म्हणाली, "पातळ झालंय." झालं! तेव्हापासून दोघी अबोला धरून बसलेल्या. वडील गेल्यापासून या दोघीच माझ्या घरातली मोठी माणसं. त्यांच्याशिवाय पोरीला हळद कोण लावणार?

"मी मिटवतो," मी संगीताला सांगितलं.

"तुम्ही नका मध्ये पडू," ती म्हणाली. मी तिच्याकडं दयेनं पाहिलं. माझ्या कौशल्याची घरात कधी कदर झालीच नाही!

रविवारी मी शांताआत्याला फोन लावला.

"आत्या, जयभीम! कमलआत्यासाठी काही निरोप आहे का?"

"हाय ना! तिला म्हण, मेले तरी तुझ्या दारात पाय ठेवणार नाय!"

आता हा निरोप जसाच्या तसा द्यायला मी काय नवशिका आहे? कारखान्यात साहेब म्हणतात, "हाकलून द्या त्यांना," आणि मी कामगारांना सांगतो, "साहेब तुमच्या मागण्यांवर गंभीरपणे विचार करतायत." तोच हात मी इथंही फिरवला. कमलआत्याला म्हणालो, "आत्या, तुझी अक्का म्हणते, जीव आहे तोवर एकदा तुझ्या दारात यायचंय. माझं काही चुकलं असेल तर पोटात घाल."



"चुकलं म्हणली? अक्का?"

"स्वतःच्या तोंडानं!" मी ठोकून दिलं. "आता तुझा निरोप सांग."

तिचा आवाज जरा कापला, पण ताठा तसाच. "तिला म्हण, आधी सगळ्यांसमोर माफी माग, मग बघू!"

मी लगेच कन्नडला फोन केला. "आत्या, कमलआत्या म्हणते, सगळ्यांची माफी मागून मोकळं व्हावं वाटतंय. आता कुणावर राग नाही."

 फोन कट झाला. मी संगीताला म्हणालो, "बघ! गहिवरली!" त्या दिवशी जेवताना मी एक चपाती जास्त खाल्ली, इतका मला माझा अभिमान वाटत होता.

सोमवारी कारखान्यात माझं प्रशिक्षण होतं. म्हणजे मी देत होतो! विषय होता, 'समोरच्याचं ऐकून कसं घ्यावं.' फोन बंद करून कपाटात ठेवला होता. (ऐकण्यात व्यत्यय नको म्हणून!)

संध्याकाळी औरंगपुऱ्यात घरी आलो, तर शांताआत्या दिवाणावर बसून रडतेय आणि संगीता तिच्या पाठीवरून हात फिरवतेय.

"कुठल्या दवाखान्यात ठेवलंय रे तिला?"

"कुणाला?"

"कमीला! सगळ्यांची माफी मागायलीय म्हणल्यावर मला काय कळत नाय व्हय? जन्मात कुणाची माफी मागितली का तिनं? सकाळीच जीप धरून खुलताबादला गेले, तर दाराला कुलूप! शेजारची जुबेदाभाभी म्हणली, 'वो तो सुबूच रोते रोते निकल गये.' तुला फोन लावला तर बंद!"

 तुम्हाला वाटेल, मला लगेच उलगडा झाला असेल. छे! मलाही वाटलं, कमलआत्याचं खरंच काहीतरी झालं! मी फोन चालू केला आणि शहरातल्या एकेका दवाखान्याला लावायला लागलो. "खुलताबादच्या कमलबाई आहेत का? सावळ्या, ठेंगण्या, जरा रागीट?"

तेवढ्यात जिन्यात रडण्याचा आवाज आला. दार ढकलून कमलआत्या आत आली, मागून हेल्मेट घातलेले मामा.

"सुनील! अक्काला कुठं नेलं रे? जीव आहे तोवर यायचंय म्हणली माझी अक्का! कन्नडला गेलो तर कुलूप! शेजारी म्हणले, पदर तोंडाला लावून जीपमधी बसून..."

आणि तिला दिवाणावरची अक्का दिसली.

"कमे! तू धडधाकट हायस?"

"मला काय धाड भरलीय? पण तू?"

"मला कशाला काय व्हईल?"

"मग मरायला टेकल्यागत निरोप कशाला धाडला?"

"मी? मी म्हणलं, मेले तरी तुझ्या दारात येणार नाय!"

"आणि मी म्हणलं, आधी माफी माग!"

दोघींनी एकाच वेळी माझ्याकडं वळून पाहिलं. आमच्या खोलीत तसं लपायला काही नाही.

पुढं मला जे ऐकावं लागलं ते इथं छापण्यासारखं नाही. माझ्या हुशारीचे, नोकरीचे आणि टकलाचे वाभाडे निघाले. मग माझा विषय संपला (मी लहान विषय आहे) आणि दोघी एकमेकींवर घसरल्या.

"चारचौघांत माझ्या येसराला नाव ठेवलं!"

"येसराचं काय घेऊन बसलीस! माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं, सगळं गाव येऊन गेलं, तू आली नायस!"

"तू कळवलंस का?"

"तुला कळवायचं? तू काय परकी हायस?"

कमलआत्या दिवाणावर तिच्याशेजारी बसली. मग हळूच म्हणाली, "मला खरंच म्हाईत नव्हतं गं अक्का. कोणता डोळा?"

"डावा."

तिनं अक्काची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि डोळा निरखत बसली. मग दोघी रडल्या, संगीता रडली, मामा हेल्मेटच्या आत रडले. इतक्या दिवसांचं भांडण, दोन बायकांनी गल्ली दणाणून सोडत, एका चहात मिटवलं. एक शब्द गोड केला नाही, एक गाळला नाही. खरं सांगतो, अशा आत्यांचा भाचा असल्याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. आमच्या कारखान्यात हे जमायला तीन बैठका आणि दोन वेळचं जेवण लागतं.

लग्नात दोघींनी मिळून प्राजक्ताला हळद लावली. येसरही दोघींनीच केलं. विहारात शांताआत्यानं मला हाताला धरून नव्या व्याह्यांपुढं उभं केलं. मी शर्ट नीट केला, छाती पुढं काढली.

"हा माझा भाचा," ती म्हणाली. "लई गुणाचा. लई शिकलेला. ह्याला काय बी मागा, नाय म्हणणार नाय."

मी नम्रपणे मान झुकवली.

"फक्त," कमलआत्यानं वाक्य पुरं केलं, "काय सांगायचं असंल तर आमच्या संगीताला सांगा."