आरशातला डावखुरा

ताडकळसच्या बाजारात दाढीला बसलो होतो. सलूनवाल्याचा टीव्ही माझ्या पाठीमागे होता, म्हणून त्यावरचा जुना, ब्लॅक अँड व्हाइट जासूसी सिनेमा मी समोरच्या आरशात बघत होतो. त्या जासूसाचे सगळे सिनेमे सलूनवाल्याला पाठ. विनोद यायच्या आधीच तो गळ्यावरचा वस्तरा उचलायचा आणि माझं हसून होईपर्यंत थांबायचा.

जासूस म्हणाला, खुनी डावखुरा आहे.

"मग डॉक्टरच!" मी ओरडलो. डॉक्टरच्या डाव्या हातातला कप मी मघाशीच हेरला होता.

सलूनवाला गालात हसला. "साहेब, या खुर्चीत बसून लय जणांनी त्या डॉक्टरला फाशी दिलीय. जरा मागं वळून बघा की."

अर्ध्या गालावर फेस घेऊन मी वळलो. डॉक्टर उजव्या हातानं निवांत चहा पीत होता.