उभ्या सायकलची बत्ती

भूत, भानामती, अंगात येणं... या सगळ्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं छापून वाटलेली आहेत. तेव्हा ‘हाही त्यातलाच निघाला’ असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. घडलं ते लपवणं मला जास्त लाजिरवाणं वाटतं, म्हणून लिहितोय.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. खर्ड्याच्या पुढे डोंगरात रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. बायका दरडीच्या पायथ्याचा मुरूम खणायच्या. खरं तर दरड वरून उतरवत यायची असते. पण खालून पोखरलं की मुरूम झटपट निघतो, म्हणून मुकादम खालूनच खणायला लावायचा. त्यात पारूबाई नावाची बाई ढिगाऱ्याखाली सापडून मेली. मुकादमाने काय करावं? नारळ फोडला आणि म्हणाला, “जागाच वाईट हाय.” संपलं! बाई मेली, दोष जागेचा!

आम्ही पत्रक काढलं — ‘भूत नव्हे, पोखरलेली दरड!’ दिवसा मुकादम आम्हाला तिथे फिरकू देत नव्हता. म्हणून पहाटे काम सुरू व्हायच्या आत पोचायचं ठरवलं आणि रात्रीच जामखेडहून तीन सायकली काढल्या. मी, सायकलच्या दुकानात काम करणारा बबन, आणि गौतम. गौतमची थोरली बहीण, आक्का, त्याच दरडीखाली कामाला होती.

थंडी अशी की हँडल धरलेली बोटं आपली वाटत नव्हती. खर्ड्याचा किल्ला मागे पडला, चढ लागला, तसे उतरून सायकली ढकलू लागलो.

“का हो पुढारी, क्रांती चढावर पायीच येती व्हय?” बबन.

“गप ढकल.”

“मग पत्रकं तरी वाटून घ्या की रं. समदा दुष्काळ माझ्याच कॅरिअरवर लादलाय.”

दरडीच्या माथ्यावर दम खायला थांबलो. सायकली स्टँडवर लावल्या. खाली मजुरांची पालं, विझत आलेल्या शेकोट्या. वाऱ्याला आडोसा म्हणून पालं थेट दरडीला चिकटून टाकलेली.

बबनने विडी काढली आणि तसाच थबकला. “तुझी बत्ती चालूच हाय की.”

माझ्या सायकलला डायनामो आहे. चाक फिरलं तरच उजेड. डायनामो पुढच्या चाकाला, आणि पुढचं चाक जमिनीवर टेकलेलं. टायरवर हात ठेवून पाहिलं — गच्च उभं. बबनने डायनामो टायरपासून मागे ओढला. तरी बत्ती तशीच! मिणमिणती नव्हे, उतारावर सायकल सुटली की पडतो तसा लख्ख उजेड.

“वायर काढ,” मी म्हणालो.

“तू काढ. मी न्हाई हात लावायचा.”

तेवढ्यात गौतम ओरडला. तो बत्तीकडे बघतच नव्हता, उजेड पडला होता तिकडे बघत होता. जमिनीला भेग गेली होती... दरडीच्या कडेकडेने, लांबच लांब. त्याने हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला.

आणि बत्ती विझली.

आम्ही ठेचकाळत खाली पळालो.

“आक्काऽ! ऊठ! भाईर निघा समदी!”

आक्का पालातून बाहेर आली. “येडा झालास का रं? लेकरं आत्ता कुठं झोपलीत.”

“दरड फाटलीया वरनं!”

“ती रोजच फाटती,” शेजारच्या पालातून कुणीतरी बोललं. “एवढ्या गारठ्यात कुठं जावं? सकाळी बघू.”

मी दरड कशी सुटते ते समजावून सांगू लागलो. कुणी हललं नाही. मग बबनच्या तोंडून निघून गेलं — “बत्ती आपसूक लागली हुती हो... उभ्या सायकलची!”

“पारू!” एक म्हातारी किंचाळली.

बघता बघता पालं रिकामी. पोरं, भांडी, घोंगड्या घेऊन माणसं माळावर! माझ्या सांगण्याने जे झालं नाही ते भुताने केलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला... राग कुणावर, ते मात्र कळेना.

उजाडलं. दरड उभीच. मुकादम आला, सगळं ऐकून चक्क खूश झाला. नारळ आणि शेंदूर मागवला. “शांत करतो तिला, मग लागा कामाला.” मी पत्रक मोठ्याने वाचायला लागलो, तर हसून म्हणतो, “भूत न्हाई म्हनता ना सायेब? मग बत्ती कुनी लावली?”

सगळे माझ्याकडे बघत होते. खोटं सांगता आलं असतं — वायर चिकटली, अमुक झालं, तमुक झालं. मी म्हणालो, “माहीत नाही.”

आक्काने टोपलं उपडं घातलं आणि त्यावर बसली. “बत्ती पारूनं लावू दे न्हाईतर आनि कुनी. भेग हाय का न्हाई ते वर जाऊन बघा की! मी न्हाई जायची खाली.”

तिच्या शेजारी दुसरी बसली. मग म्हातारी. मग सगळ्याच... मुकादम नारळ हातात धरून उभा.

त्याच आठवड्यात दरड कोसळली. खाली कुणी नव्हतं.

बबनने दुकानात डायनामो पार खोलून पाहिला. “ह्यात वीज साठतच न्हाई गड्या,” एवढंच म्हणाला. गौतम तर विषयच काढू देत नाही. माथ्यावर आता शेंदूर फासलेला दगड आहे, आणि बत्तीची गोष्ट मुकादमच सगळ्यात रंगवून सांगतो. लोक मला विचारतात, खरं का हो? खरं आहे. कशी लागली? नाही माहीत. रात्र रात्र डोकं फोडलंय, नाही माहीत.

पारूबाई कशी मेली, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही. ते मला माहीत आहे.