शिवानंदची सव्वीस वर्षांची थाप

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात शिवानंद सव्वीस वर्षं लॅब अटेंडंट आहे. घरी विचाराल तर तो झाडांच्या खात्यात. खरं म्हणजे तो पहिल्या दिवसापासून प्राणिशास्त्रात, आणि काम अंड्यांचं. नेसरीच्या लिंगायत घरातला, गळ्यात लिंग, जन्मात अंडं तोंडाला लावलेलं नाही. आणि हाच गडी दर आठवड्याला दोन-तीन डझन अंडी उबवणपेटीत ठेवतो, प्रत्येक कवचावर पेन्सिलीनं तारीख आणि तास लिहितो, वेळ भरली की फोडून आतला इवलासा गर्भ काचेवर काढून देतो. नोकरी लागली तेव्हा आईला, बसव्वाला, हे सांगायची छाती झाली नाही. झाडांना पाणी घालतो म्हणाला. एकदा थाप मारली की निभवावीच लागते. बसव्वा बिचारी दर वर्षी एखादं रोप त्याच्या पिशवीत घालते, कॉलेजात लाव म्हणून. तो घरी आल्याआल्या आंघोळीला पळतो. तिला वाटतं, चिखलामुळं.

सोमवारी मात्र त्याच्या जिवाला घोर लागला. लेक विद्याश्री शिरोळला दिलेली, पाचवा महिना, तपासणीसाठी माहेरी आलेली. सोनोग्राफीत बाळाची डावी किडनी दिसेना. बाळ आडवं झालंय, लपली असेल, गुरुवारी मोठ्या मशीनवर बघू, असं डॉक्टर म्हणाले. झालं! मधले तीन दिवस ढकलायचे कसे?

"कुणाचं तरी पाप बाधलंय," बसव्वा म्हणाली. तिनं कुणाकडं बघून म्हटलं नव्हतं, पण शिवानंदनं मान खाली घातली. पलीकडं विद्याश्रीनंही घातली, ते काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

मंगळवारी लॅबमध्ये त्याचा हात चालेना. अंडं उचलायचा, पुन्हा ठेवायचा, खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा. संशोधन करणारी अनुजा आली ती घड्याळाकडं बघतच.

"शिवानंदमामा, शहाण्णव तास होऊन गेले! माझी अंडी अजून फोडली नाहीत?"

त्यानं सगळं सांगून टाकलं. "मॅडम, हजारो जीव काढलं मी ह्या हातानं. त्येच फिरून आलं का हो?"

अनुजाचा राग जागच्या जागी विरला. तिनं स्वतः एक अंडं फोडलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. उजव्या पंखाच्या जागी तिनं वाढ रोखणाऱ्या औषधात भिजवलेला बारीक मणी ठेवला होता. डावा पंख चांगला फुगून आला होता, उजवा पार खुरटलेला.

"हे बघा मामा. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. पण कुठलं, कुठं आणि कधी चालू व्हायचं, ते ठरलेलं असतं. वेळेवर चालू झालं की तिथल्या पेशी भराभर वाढतात, अवयव धरतो. ती वेळ चुकली की संपलं. नंतर काही करून उपयोग नाही."

"म्हंजे पाण्याची पाळी म्हणा की. चुकली की ऊस खुरटला."

"अगदी तसंच."

"हितं तुमी मणी ठेवलासा. तिथं कुणी ठेवला?"

"बहुतेक वेळा कुणीच नाही, मामा. आपोआप चुकतं."

"माणसाची किडनी कवा धरती?"

"दुसऱ्या महिन्यात."

डोक्याला पटलं, जिवाला पटेना. बुधवारी त्यानं उबवणपेटीचं दार उघडंच टाकलं, जेवणाचा डबा न उघडता घरी नेला, आणि बसव्वाची बोलणी खाल्ली. सगळ्यांच्या अंड्यांचे तास सांगणाऱ्या माणसाला स्वतःचा एक दिवस संपवता येत नव्हता.

गुरुवारी निकाल लागला. डावी किडनी नाहीच. पण उजवी नेहमीपेक्षा मोठी, दोघींचं काम एकटीनं उचलायला निघालेली. बाकी बाळ ठणठणीत. एका किडनीवर माणसं आयुष्य काढतात, काळजी करू नका, डॉक्टर म्हणाले. शिवानंदला रडूच आलं.

घरी येऊन बघतो तर विद्याश्रीच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

"अप्पा, माझ्यामुळंच झालं. अशक्तपणा हाय म्हणून शिरोळच्या डॉक्टरीणबाईंनी अंडी खायला सांगितलेली. अज्जीला न सांगता खाल्ली. रोज एक."

तांदूळ पाखडणाऱ्या बसव्वाच्या हातातलं सूप थांबलं. "शिव शिव!"

शिवानंद मात्र एकदम ताठ झाला. "कवापास्नं खाल्लीस?"

"चौथा लागला तवापास्नं."

"नक्की?"

"व्हय."

त्यानं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. "मग त्येचा काय बी संबंध न्हाई. किडनी दुसऱ्यात धरती. तू पयलं अंडं सोललंस तवा जे व्हायचं ते कवाच होऊन गेलतं."

"तुमाला काय म्हाईत अप्पा? तुमी झाडांच्यात."

लेकीची सुटका होईल असा एकच शब्द होता, आणि तो आईसमोर बोलायचा होता. त्यानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं.

"मी झाडांच्यात न्हाई, बाळा. अंडी फोडतो. सव्वीस वर्षं. कुठल्या तासाला काय धरतं, त्ये माझ्याइतकं कुणी बघिटलं नसंल."

विद्याश्रीचं रडं थांबलं. बसव्वा लेकाकडं बघतच राहिली.

"आणि माझी रोपं?"

"हायती की अव्वा. लॅबच्या दारात लावल्यात. एक बी मेलं न्हाई. जास्वंद तर छपराला लागलीया."

बसव्वानं सूप बाजूला ठेवलं. मग नातीच्या पोटाकडं बघत म्हणाली, "एकटी किडनी राबणार म्हंजे पोरीला खायला पायजे. उद्यापास्नं अंडी तूच उकडून दे. तुला सवय हाय. माझ्या भांड्यात नको."

शुक्रवारी शिवानंदनं दुकानातून सहा अंडी आणि एक नवं पातेलं आणलं, आणि सवयीनं प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं तारीख घातली.