जिवलीचे हात

बेटेगावच्या पाड्यावरची जिवली रंगाच्या कारखान्यात लागली तेव्हा बोईसरच्या एमआयडीसीतल्या भिंती अजून नव्याकोऱ्या होत्या. नवरा दुसरी करून मनोरकडे निघून गेलेला. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीच्या तुकड्यात नाचणी व्हायची, ती शिमग्यापर्यंतही पुरायची नाही. झुंबर मुकादमाने कंपनीसाठी पाड्यावरच्या बायका गोळा केल्या, त्यात ही गेली. झुंबर लांबचा दीरच लागायचा तिला.

वाळून आलेला पिवळा रंग कुटायचा, चाळायचा, पिंपात भरायचा, हे काम. तोंडाला फडकं बांधलं तरी थुंकी पिवळी. घाम पिवळा, उशी पिवळी. तांदळाची भाकरी थापली की तिच्यावर बोटं उमटायची. राख, चिंच, रॉकेल, सगळं करून झालं, हात काही उतरले नाहीत. बोईसरच्या बाजारात दांडी गावची एक कोळीण दर वेळी विचारायची, "काय गो, परत हलद लावली? कोन गावचा हाय नवरा?" जिवलीही हसायची, पण हात पदराखालून काढायची नाही, पाटीच पुढे करायची. पाड्यावर कोणाकडे तांदूळ निवडायला बसली तर घरची बाई सूप हळूच तिच्यापुढून ओढून घ्यायची. ते मात्र तिला हसण्यावारी नेता आलं नाही.

त्याच कारखान्यात नवापूरचा विश्राम बॉयलरवर होता, कायम नोकरीतला. त्याने युनियन काढायचं मनावर घेतलं आणि मुकादमाने आणलेल्या बायकांनाही बोलावलं. बाकीच्या कायम गड्यांना ते फारसं रुचलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने बायकांना समजावलं की कायद्याने सात जण जमले तरी युनियन होते, आणि युनियन केली म्हणून मालकाला कोणाला काढता येत नाही.

जिवली म्हणाली, "सात बायका तं आमच्या इहिरीव रोज जमतात, दादा. तवा कोनी कायदा नाय सांगला."

सगळ्या हसल्या. पण सगळ्यात आधी नाव तिनेच दिलं. तिचं बघून तानीने दिलं, पोरगीच ती, अजून लग्न व्हायचं होतं. मग बाकीच्यांनी.

त्याच आठवड्यात गेटवर वॉचमनने काठी आडवी धरली. तुम लोगों का नाम नहीं है, म्हणाला. विश्रामला हात लावायला मालक बिचकत होता; या बायकांना कशाला बिचकेल? विश्रामने सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार केली. त्यावर मालकाने भलतंच उत्तर दिलं. या बायका आमच्याकडे कधी कामाला नव्हत्याच. गवत कापायला बाहेर येत असतील.

हे सांगायला विश्राम पाड्यावर आला तेव्हा उलट खुशीत होता. बोलू दे त्याला, म्हणाला, तुम्ही फक्त पालघरला साहेबापुढे उभ्या राहा, पुढचं मी बघतो. काय बघणार ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच वाटली नाही. तो रंग धुऊन जातो असं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

पालघरला जायच्या आदल्या दिवशी सकाळी झुंबर आला, हातात पांढऱ्या पावडरीचा डबा घेऊन. कापडाच्या कंपनीत चुकलेला रंग काढायला वापरतात ती पावडर. "साहेबापुढं असे हात घेऊन जाशील, वहिनी?" तो म्हणाला. "तो काय म्हनंल, कुठच्या घानेरड्या बायका आनल्यात?"

जिवलीला ते पटलं. घमेल्यात पावडर कालवून तिने कामावरच्या सगळ्या बायकांना हाका मारल्या. वास नाकात चढला, कातडी चरचरली, पण रंग सुटला. घमेलं पिवळं झालं, ओतलं, पुन्हा भरलं. नखांच्या कडेचा रंग काडीने कोरून काढला. तानीचं मनगट राहिलं होतं, ते जिवलीने स्वतः चोळलं. मग सगळ्या हात उन्हात धरून बसल्या, एकमेकींचे तळवे उलटेपालटे करून पाहत. त्या दिवशी जिवलीची भाकरी पांढरी निघाली. ती शेजारणींना तुकडा तुकडा वाटून आली.

पालघरच्या कचेरीत अधिकाऱ्याने दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या. मग म्हणाला, "युनियन करायचा हक्क कामगाराला आहे. त्यासाठी काढलं असेल तर कायदा त्याच्या पाठीशी आहे. पण या बाया कंपनीच्या कामगार आहेत, याला पुरावा काय?"

विश्राम याचीच वाट बघत होता. "यांचे हात बघा, साहेब. हा रंग इथं दुसरीकडं कुठं बनत नाय. जिवलीबाय, हात पुढं करा."

तिने केले. तोऱ्यात केले. धुतलेले, जागोजाग सोललेले, पांढुरके हात. मागोमाग बाकीच्यांनीही केले.

अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, रंग कुठे आहे?"

"धुतला, साहेब. तुमच्यापुढं यायचं व्हतं ना."

मालकाचा माणूस खिडकीबाहेर बघत राहिला. तक्रारदार सोडून आतला दुसरा कोणी साक्षीला आणा, मग पुढे बघू, म्हणून अधिकाऱ्याने त्यांना परत पाठवलं. आतून कोणी आलं नाही.

बाहेर आल्यावर काय चुकलं ते जिवलीने विचारलं, आणि विश्रामने सांगितलं.

पुढे युनियन झाली, पण ती कायम गड्यांची. रंग चाळायला झुंबरने दुसऱ्या पाड्यावरच्या बायका नेल्या. त्याला कोणी पाठवलं होतं की तो आपणहून आला होता, ते कधी कळलं नाही. जिवली नवापूरकडच्या वाड्यांमध्ये चिकू तोडायला जाऊ लागली. पाड्यावर तिला कोणी बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसेना. एकदा विहिरीवर तानीला म्हणाली, "मना शिव्या तरी दे गो."

तानी कळशी भरत होती. "तू मनगट चोललंस ना मावशी, तवा मना बरं वाटलं व्हतं," एवढंच म्हणाली.

तानीच्या लग्नात हळद जिवलीमावशीनेच वाटायची असा तानीने हट्ट धरला. जिवली नको नको म्हणत होती. तानीने मनगट धरून तिला पाट्यापुढे बसवलं. हळद लागल्यावर बाकीच्या बाया पंपावर हात धुवायला गेल्या. जिवली गेली नाही. पिवळे तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवून ओट्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी वाडीत कामालाही तशीच गेली, पदर बाजूला सारून, हात उघडे ठेवून.

हळदीचाच रंग तो. चिकू तोडता तोडता उतरला.