बाबांचा पत्ता

आमच्या लॅबमधला सिम्युलेटर माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे. जुन्या प्रोसेसरची पडद्यावरची नक्कल: काळी खिडकी, हिरवी अक्षरं, माऊस चालत नाही, आणि काय चुकलं ते सांगायची त्याला सवय नाही. मी रोज त्याच्या नावानं बोटं मोडते. दुसऱ्या कुणी नावं ठेवली की मात्र मलाच राग येतो.

लेबल शिकवताना मी सांगते, लेबल म्हणजे हाक. प्रोग्रामला जिथं परत यायचंय त्या ओळीला नाव द्या आणि त्या नावानं बोलवा. त्यामुळे बेळगावच्या आमच्या मुलांच्या प्रोग्राममध्ये आक्का, आप्पा, अण्णा असं अख्खं घर इंग्रजी अक्षरांत नांदत असतं.

त्या दिवशी दुपारी दोनला प्रॅक्टिकल होतं. जांबोटीहून पहिल्या गाडीनं आलेली एक मुलगी सकाळीच लॅबच्या दारात उभी. दोनदा नापास झालेली, ही शेवटची संधी, नाहीतर डिग्री अडकणार. दहा आकड्यांची बेरीज करणारा प्रोग्राम दुपारी दाखवायचा होता. परत यायच्या ओळीला तिनं 'बाबा' असं नाव दिलं होतं. तिचा प्रोग्राम पहिला आकडा घ्यायचा आणि गप्प बसायचा.

"मॅडम, काय करूचं आता? सगळं बरोबर हाय की!"

खरंच बरोबर होतं. मी तीनदा वाचलं, मशीन बंद करून चालू केलं, वर एक थापही मारली. शेवटी एकेक ओळ चालवून पाहिली. उडी मारल्यावर प्रोग्राम कुठं पोचला ते दाखवणाऱ्या चौकटीत अक्षरं आली: बी, ए, बी, ए.

"बघा, बाबांकडंच गेलाय!" ती म्हणाली. मीही शहाण्यासारखी मान डोलावली.

आणि मग डोक्यात उजेड पडला. त्या चौकटीत नाव येतच नाही! तिथं फक्त पत्ता येतो, म्हणजे आकडा. या यंत्राच्या मोजणीत नऊच्या पुढं ए ते एफ ही अक्षरंही आकडेच. के मुळे आक्का वाचली, पी मुळे आप्पा वाचले. बाबा मात्र नखशिखांत आकडा! आमच्या म्हाताऱ्या सिम्युलेटरनं हाक ऐकलीच नाही, सरळ त्या नंबरच्या रिकाम्या घरी जाऊन बसला. आम्ही दोघी इतक्या हसलो की शिपाई डोकावून गेला.

"आप्पा लिही आणि मोकळी हो," मी म्हटलं.

"आमच्यात आप्पा काकांस्नी म्हणत्यात. बाबांचं नाव कशाला बदलूचं? त्यांस्नीच तिकडं बसवतो की."

बाबांच्या आधीच्या ओळी सहा घरं अडवत होत्या, म्हणून तिनं त्या पत्त्यापासून बोटांवर सहा घरं मागं मोजली आणि प्रोग्रामची सुरुवातच तिथून केली. आता बाबांची ओळ बरोबर त्या पत्त्यावर पडत होती. बेरीज आली! इतकी वर्षं शिकवतेय, मला हे सुचलं नसतं. मला नाचावंसं वाटत होतं.

दुपारी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भुवया उंचावून कन्नडमध्ये विचारलं, सगळ्यांचे प्रोग्राम जवळच्या पत्त्यांवर, तुझाच एवढ्या लांबच्या पत्त्यावर का? तिनं कन्नडमध्येच सगळं सांगितलं. त्यांनी तिला सुरुवातीचा पत्ता बदलून दाखवायला लावलं, प्रोग्राम लगेच अडकला, आणि ते खुर्चीत मागं रेलून खो खो हसले. "पास आहेस, जा," म्हणाले.

बाहेर येऊन तिनं घरी फोन लावला. "बाबा," एवढंच म्हणाली आणि फोन माझ्यापुढं धरला. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, पोरगी पास झाली.