गाडी थंड होईपर्यंत

माझी नणंद सगळीकडे सांगत सुटली आहे: आई आत शेवटच्या घटका मोजत होती आणि भाऊ बाहेर ट्रकचं इंजिन थंड करत बसला होता. ऐकणारे चुकचुकतात. माझे हे मान खाली घालून ऐकून घेतात. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकाला जाते.

हे ट्रक चालवतात. माल भरून डोंगर चढून आले की गाडी आमच्या दाराशी उभी करतात, पण लगेच बंद करत नाहीत. चढावर इंजिनाचा टर्बो तापून लाल होतो. एकदम किल्ली फिरवली तर तेल फिरायचं थांबतं आणि आतल्या आत जळतं. म्हणून इंजिन सावकाश घुरघुरत ठेवायचं आणि आपण स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचं. लग्नानंतर मला वाटायचं, या माणसाला घरात यायचाच कंटाळा आहे. मी खूप भांडले. शेजारचा शिंपी धुरावरून बोलायला आला, तेव्हा त्याच्याशीही भांडले. माझ्या नवऱ्याला मी बोलेन, त्याचा काय संबंध?

दृष्टी गेल्यापासून सासूबाई त्या घुरघुरीवरच मुलाला ओळखायच्या. रस्त्यावर ट्रक येत, थांबत आणि खाडकन बंद होत. एखादा थांबूनही चालूच राहिला, की त्या म्हणायच्या, "आला. पान घे." मग मी धुसफुसत गॅस पेटवायचे.

सासूबाईंनी अंथरूण धरलं तशी नणंदबाई आल्या आणि घराचा ताबाच घेतला. उशी बदला, खिडकी उघडा, डॉक्टर बदला. सासूबाईंचं ग्लानीत एकच चालू होतं, मुलगा आला का. त्या दुपारी नणंदबाईंनी फोनवर भावाला झापलं, "आज तरी ती थेरं नकोत. गाडी बंद कर आणि सरळ आत ये."

यांनी निमूट ऐकलं. गाडी थांबली आणि खाडकन बंद झाली. धावत येऊन त्यांनी आईचा हात धरला. सासूबाईंनी तो सोडवून घेतला.

"कोण हो तुम्ही? जरा सरका. माझा मुलगा येतोय, त्याला बसायला जागा हवी."

"आई, मीच आहे."

"त्याची गाडी नाही आली अजून."

नणंदबाई कानाशी ओरडून सांगू लागल्या. म्हातारीला पटेना. ती कासावीस होऊन दाराकडे मान वळवत राहिली. यांनी माझ्याकडे पाहिलं, किल्ली उचलली आणि बाहेर गेले.

इंजिन सुरू झालं. सासूबाईंचा चेहरा निवळला. "आला," त्या म्हणाल्या. "पान घे."

नणंदबाई भावाला बोलवायला निघाल्या. मी दारात आडवी उभी राहिले. इंजिन लवकर बंद झालं असतं, तर हे पुन्हा परके ठरले असते. एवढंही या बाईला कळू नये?

मग मी खरंच ताट वाढलं. सासूबाईंना ऐकू जावं म्हणून भांडी मुद्दाम आपटली. इंजिन शांत झालं. हे चपला काढून आत आले, तेव्हा त्या गेल्या होत्या.

भाऊ बाहेर बसला होता, यात खोटं काहीच नाही. कशासाठी बसला होता, तेवढं मात्र नणंदबाई कुणाला सांगत नाहीत. त्या तर माझ्या शेजारीच उभ्या होत्या.